रिप्ले कोण दाखवणार?

"स्टेडियममध्ये होतास म्हणून तुला मॅच जास्त दिसली, असं काही समजू नकोस हं निनाद. उलट कमीच दिसली."

हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा होऊन गेलंय की निनाद बूट काढता काढताच त्याचं उत्तर जुळवत असतो. विषय २ नोव्हेंबर २०२५ चा. महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत, समोर दक्षिण आफ्रिका, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. निनाद ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून गेला, पावसामुळे तीनचा सामना पाचला सुरू होईपर्यंत ताटकळला आणि मध्यरात्र उलटल्यावर बसलेल्या घशाने परतला. मंगलने तोच सामना नौपाड्यात, आमच्या हॉलमध्ये, मोड्यावर पाय ठेवून बघितला.

मंगल माझी बायको. निवृत्त शिक्षिका, शाळेत असताना खो-खो खेळायची. निनाद तिच्या भावाचा मुलगा. तिशीतला, डोंबिवलीत राहतो, बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतो. वयाने म्हाताऱ्या माणसाने टीव्हीला नावं ठेवायची आणि तरुणाने त्याला चिकटून बसायचं, अशी जगाची रीत. आमच्याकडे ती उलटी आहे. मंगलला टीव्हीवरचं सगळं आवडतं: मालिका, कबड्डी, आयपीएल, हास्यजत्रा, सामन्याआधीची चर्चा, सामन्यानंतरची चर्चा. निनादला मैदान लागतं. मला नऊच्या बातम्या लागतात, पण मला कोणी विचारत नाही.

परवाच्या रविवारी तो आला तेव्हा खाली गोखले रोडवर पालिका निवडणुकीचे भोंगे फिरत होते. खिडक्या लावून घेतल्या आणि दोघं सुरू झाले.

"बेचाळिसावं षटक," मंगल म्हणाली. "वोल्वार्टचं शतक झालेलं. ती राहिली असती तर मॅच गेलीच होती. दीप्तीला तिने उचलून मारलं. सांग, तुला काय दिसलं?"

"चेंडू वर गेला. अमनजोत पळत आली. मग आमच्या स्टँडमध्ये आरडाओरडा, मग एकदम सगळे गप्प, मग पुन्हा असा आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणं कळेना."

"मध्ये गप्प का झालात?"

"ते आम्हालाही कळलं नाही."

"मला कळलं. तिच्या हातून तो दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा हातात बसला. मी चार बाजूंनी बघितला तो झेल. तू तिकीट काढून गेलास आणि ओरडायचं कशासाठी तेसुद्धा तुला दुसऱ्या दिवशी समजलं."

"पण आत्या, ते गप्प होणं तुझ्याकडे आलं का? हजारो माणसं श्वास धरून बसलीयत आणि पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नाही. तुझ्यापर्यंत पोचला तेव्हा तो झेल घेऊन झाला होता."

"थेट प्रक्षेपण होतं ते!"

"थेट म्हणजे आमच्या मागून थेट."

यात निनादचं चुकत नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर केबल आहे, दुसऱ्यावरची मुलं फोनवर बघतात. केबल आधी, फोन नंतर. त्यामुळे विकेट पडली की आनंद वरून खाली उतरत येतो आणि दुसऱ्या मजल्यावरची पोरं वरच्यांना शिव्या घालतात. पुनर्विकासात सगळे एकाच टॉवरमध्ये बावीस मजल्यांवर विखुरले गेले की हा गोंधळ किती वाढेल, याचा विचार बिल्डरने केलेला दिसत नाही.

मंगलचा मूळ मुद्दा मात्र झेलाच्या पुढचा आहे. तिच्या मते तो विश्वचषक ही एक उत्तम मालिका होती आणि म्हणूनच तो घराघरात बघितला गेला. "लागोपाठ तीन मॅच हरल्या. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. जेमिमाला संघातून काढलं, मग परत घेतलं. उपांत्य सामन्यात ३३९ करायच्या होत्या, तिने नाबाद १२७ केल्या आणि मैदानातच रडली. प्रतीका रावलचा पाय दुखावला म्हणून शफालीला आयत्या वेळी बोलावलं. मालिकेत नायिका बदलावी लागते तशी! आणि त्या बदली आलेल्या पोरीने फायनलला ८७ धावा केल्या, वर दोन विकेट काढल्या. शेवटी प्रतीका चाकाच्या खुर्चीतून मैदानात आली. कोणत्या लेखकाला सुचलं असतं रे हे?"

"लेखकाला सुचलं नसतं म्हणून तर तो खेळ आहे. तू त्याची मालिका करतेस ती नंतर. दीप्तीने ५८ धावा केल्या, पाच विकेट घेतल्या. तिच्या आयुष्यात त्या वेळी काही रडारड नव्हती, म्हणून तिच्यावर कॅमेरा कमी."

"दीप्तीला मालिकावीर दिलं की."

"दिलं. पण पुढचे आठ दिवस टीव्हीवर कोण होतं? प्रशिक्षक अमोल मुझुमदार. आणि त्याच्याबद्दल एकच गोष्ट. १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते आणि अमोल पॅड बांधून बसला होता. बसला होता, बसला होता, बसला होता! अगं, त्या माणसाने रणजीच्या पहिल्याच सामन्यात हरियाणाविरुद्ध २६० केल्या. तेव्हा तो पदार्पणातला विश्वविक्रम होता. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. २००६-०७ ला मुंबईला रणजी जिंकून दिली ती कर्णधार म्हणून. भारताकडून एकही सामना न खेळता. हे कोणी दाखवलं?"

मंगलने थोडा विचार केला. "दाखवणार कुठून? त्या धावांचं चित्रण असेल तर दाखवतील ना. तेव्हा रणजीला कोण कॅमेरे लावत होतं? २६० दाखवता येत नाहीत, पण पॅड बांधून बसलेला मुलगा सांगता येतो. म्हणून तो सांगतात. तुमचं ते मैदान चांगलं असेल, पण त्याने काही साठवून ठेवलं नाही बाबा."

यावर निनाद थोडा अडखळला, आणि मला ते दिसलं. मंगलचं हे म्हणणं पुरतं खोडून काढता येत नाही. कपिलच्या १७५ धावा घ्या. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध. त्या दिवशी तिथे कॅमेरे आलेच नाहीत. त्या खेळीबद्दल आम्ही चाळीस वर्षं बोलतोय ते धावफलकावरून आणि तिथे हजर असलेल्यांच्या आठवणींवरून. मात्र ती खेळी टीव्हीशिवाय मोठी झाली याचं एक कारण असंही आहे की पुढे आठवडाभरात आपण विश्वचषक जिंकला आणि ते टीव्हीने दाखवलं.

निनादने दुसरी बाजू काढली. "बरं, तुषार देशपांडे तुला कोण म्हणून माहीत आहे?"

"चेन्नईकडून खेळायचा तो. आपला कल्याणचा मुलगा. आयपीएलमधला पहिला इम्पॅक्ट प्लेअर."

"बघ! ३१ मार्च २०२३. अंबाती रायुडूच्या जागी त्याला आणलं आणि त्याने ३.२ षटकांत ५१ धावा दिल्या. ते तुला ठाऊक आहे. आता फेब्रुवारी २०२४ ऐक. रणजीची उपउपांत्य फेरी, बीकेसीचं मैदान, समोर बडोदा. तनुष कोटियन दहाव्या नंबरवर, आपला तुषार अकराव्या. दोघांनीही शतकं केली. एक नाबाद १२०, दुसरा १२३. शेवटच्या जोडीने २३२ धावा. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतक करायचं हे प्रथम श्रेणीच्या सगळ्या इतिहासात त्याआधी एकदाच झालं होतं. १९४६ मध्ये, ओव्हलवर, आपल्या चंदू सरवट्यांनी आणि शुटे बॅनर्जींनी सरेविरुद्ध. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पुन्हा झालं ते आपल्या घरापासून तासाभरावर, आणि तुला त्याचे ५१ धावा दिलेलेच आठवतात."

"आयपीएल मी बघितली होती, हे नव्हतं बघितलं. यात माझा काय गुन्हा?"

"तुझा नाही. रिमोटचा."

"रिमोट यांच्याकडे असतो," मंगल म्हणाली. हे धादांत खोटं आहे, पण मी चहा टाकायला उठलो.

परत आलो तोवर गाडी कबड्डीवर आली होती. ती येणारच होती. निनादचा जीव कबड्डीत, आणि मंगलचा सगळ्यात भक्कम मोर्चाही तिथेच बांधलेला.

"बुवा साळवींनी आयुष्य घातलं कबड्डीत," निनाद सांगत होता. "त्यांचा वाढदिवस १५ जुलै आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. गावोगाव मातीची मैदानं, रात्री हॅलोजन लावून सामने, दोरीच्या बाहेर माणूस माणसाला चिकटून बसलेला. चढाईपटूचा दम पहिल्या रांगेला ऐकू यायचा. आता काय? मॅट, निळे-गुलाबी दिवे, ३० सेकंदांचं घड्याळ, तिसरी चढाई करो या मरो, आणि प्रत्येक गुणाला संगीत. कबड्डी राहिली नाही ती, गरबा झाला."

"झालं तुझं? आता मी सांगते. २६ जुलै २०१४ ला वरळीला प्रो कबड्डी सुरू झाली. त्याआधी या इमारतीत बोनस रेषा म्हणजे काय हे किती बायकांना माहीत होतं? मला माहीत होतं, कारण मी खेळणाऱ्यांतली. बाकी कोणाला? पहिल्या वर्षी साडेत्रेचाळीस कोटी लोकांनी बघितली असं जाहीर केलं त्यांनी, आयपीएलच्या खालोखाल. का? तर ती रात्री आठला लागायची. मालिकांच्या वेळेला! स्वयंपाक आटपता आटपता बघता येईल अशी. चाळीस मिनिटांचा खेळ, एक भाग बघितल्यासारखा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना अनुप कुमार कसा चालत येतो, कसा हसून बाद करून जातो, सगळं पाठ होतं. तुमच्या दोरीच्या बाहेर त्यांना कोणी बसायला जागा दिली होती का रे? रात्री अकरा वाजता, हॅलोजनखाली, पुरुषांच्या गर्दीत?"

निनाद काही बोलला नाही. या मुद्द्यावर मी मंगलच्या बाजूचा आहे आणि ते मी त्याला सांगितलंही. मैदानाची आठवण काढणारे आम्ही पुरुष त्या मैदानात कोण नव्हतं याची मोजणी करत नाही. माझ्या लहानपणी राम मारुती रोडच्या आसपास जे सामने व्हायचे ते मी पुढे बसून बघितलेत. माझ्या बहिणी तेव्हा घरी होत्या.

पण निनाद पंच आहे, सहजासहजी मैदान सोडत नाही. "ठीक आहे. बायका बघायला लागल्या. मग खेळणाऱ्या बायका कुठे गेल्या? २०१६ साली प्रो कबड्डीच्या बरोबरीने महिलांची स्पर्धा घेतली होती. तीन संघ. एकाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे, एकाची तेजस्विनी बाई, एकाची ममता पुजारी. तुझ्या त्याच आठ वाजताच्या चॅनेलवर. पुढच्या वर्षी का नाही दिसली?"

"नाही दिसली," मंगल म्हणाली. "ते वाईट झालं."

"वाईट झालं नाही, ठरवून झालं. टीव्ही आठ वाजता कोणाला घरात घेतो हे टीव्ही ठरवतो."

एवढं बोलून तो थांबेल असं वाटलं होतं, पण मंगलनेच विषय वाढवला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही आपण जिंकले, दोन्हीकडे अंतिम फेरीत नेपाळला हरवून. दोन्ही कर्णधार मराठी: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मंगलने तो आठवडा कोणाचं काही ऐकलं नव्हतं.

"मी शाळेत खांबावर सूर मारायचे," ती म्हणाली. "गुडघे फुटलेले असायचे कायम. बाई सांगायच्या, हात आधी सोड, मग अंग टाक. मी तसं करायचे. पण ते दिसतं कसं, हे मला कधीच माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मी तर ते करत होते. गेल्या वर्षी त्या मुलींचा सूर संथ करून दाखवला आणि मला पहिल्यांदा कळलं की खांबाच्या अलीकडे अंग हवेत आडवं होतं, आणि हाताची बोटं खांबावरून वळून पलीकडच्या खेळाडूपर्यंत जातात. मी हे करत होते! साठ ओलांडल्यावर मला माझाच खेळ दिसला. आता तू म्हणतोस टीव्ही नको."

"मी टीव्ही नको म्हणत नाही."

"मग काय म्हणतोस?"

"परवा चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच होती," निनादने बोलणं वळवलं. "मातीवर, साधी. मी शिट्टी वाजवली, चढाईपटू बाद दिला. ते पोरगं माझ्यासमोर उभं राहिलं आणि दोन्ही हातांनी टी करायला लागलं. रिव्ह्यू! क्रिकेटचा रिव्ह्यू कबड्डीत, आणि तोही तिथे, जिथे कॅमेरा म्हणजे त्याच्या बाबांचा मोबाइल. बरं, ते बाबा मोबाइलवर बघून मला सांगतात, सर, बोट लागलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, मी दोन फुटांवर उभा होतो. तर म्हणतात, सर, यात स्पष्ट दिसतंय. मी बघितलं. त्यात त्यांच्या मुलाचं तोंड दिसत होतं."

मंगल मनापासून हसली. "पण तू चुकला असशील तर?"

"असेन की. पंच चुकतो हे पूर्वीही सगळ्यांना माहीत होतं. चरफडायचे, शिव्या द्यायचे आणि पुढच्या चढाईला उभे राहायचे. आता प्रत्येक निर्णयानंतर सगळे वर बघतात. मैदानात पडदा नसला तरी वर बघतात. मी शिट्टी मारतो आणि मलाच वाटतं, आता रिप्ले येईल."

"चांगलं आहे. तुमच्याकडे कोणीतरी बघतंय हे कळलं पाहिजे पंचांना. आमच्या वेळी पंचाचा शब्द शेवटचा म्हणून काय काय गिळलंय. आंतरशालेय स्पर्धेत मी खो मिळाल्यावरच उठले होते. आधी उठले म्हणून फाऊल दिला. पन्नास वर्षं झाली. आज त्याचा रिप्ले कोण दाखवणार?"

तिच्या आवाजातली ती पन्नास वर्षांची चरफड ऐकून निनाद गप्प बसला. पंचांच्या वतीने माफी मागावी की काय, असा त्याचा चेहरा झाला होता.

पैशाचा विषय निघाला तो जाहिरातींवरून. षटकाचा शेवटचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जायच्या आत जाहिरात सुरू होते, ही निनादची जुनी तक्रार. त्याने बँकेतल्या सवयीने हिशेब मांडला. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, सामने ४१०. म्हणजे एका सामन्याचे ११८ कोटी. वाइड आणि नोबॉल सोडले तर सामन्यात २४० चेंडू. एका चेंडूचे सुमारे ४९ लाख.

"निर्धाव चेंडूचेही तेवढेच?" मंगलने विचारलं.

"तेवढेच."

"मग बुमराचे चार चेंडू फुकट गेले की दोन कोटी गेले असं समजायचं का?"

निनादला हे फारसं आवडलं नाही, पण मला वाटतं तिने नकळत बरोबर जागी बोट ठेवलं. ज्याने एवढे पैसे मोजलेत त्याला चार निर्धाव चेंडू परवडत नाहीत, म्हणून सीमारेषा आत येतात आणि इम्पॅक्ट प्लेअर येतो. रोहित शर्माने स्वतः खेळत असताना सांगितलं होतं की त्याला हा नियम पसंत नाही. (रोहितचे आईवडील डोंबिवलीला एका खोलीत राहायचे आणि अजिंक्य रहाणेही तिथलाच, हे निनाद दर वेळी सांगतो. डोंबिवलीकरांना ही सवय असते, ऐकून घ्यायचं.) एक गोष्ट मात्र सुधारली. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून संघ बनवायच्या अ‍ॅपचा मारा थांबला. भारतीय संघाच्या छातीवरून ड्रीम ११ गेलं आणि अपोलो टायर्स आलं. टायरची जाहिरात बघून कोणी कर्ज काढून टायर घेत नाही.

मला कायद्याचं वाचायची आवड, म्हणून इथे मीही थोडी जीभ चालवली. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना प्रक्षेपणावरून भांडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर ना सरकारची मक्तेदारी, ना कोण्या एकाची. त्यानंतर खासगी वाहिन्यांचा पूर आला. मग २००७ साली कायदा करावा लागला की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कदाराने प्रसार भारतीलाही द्यायचं. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतंच. खासगी केबलवाल्याने ते पुढे न्यायचं नाही. म्हणजे आमचा वॉचमन फ्री डिशवर भारताचा सामना फुकट बघतो आणि दर महिन्याला केबलचे पैसे भरणारी मंगल वेगळ्या चॅनेलचे वेगळे पैसे भरून बघते.

"हे बरोबरच आहे," मंगल म्हणाली. "त्याला फुकटच मिळायला हवं."

"आणि मराठी समालोचन?" निनादने चिमटा काढला. "त्यासाठी फोनचे वेगळे पैसे."

"तेही भरते. जिओने मराठी सुरू केलं तेव्हा केदार जाधव बोलायचा. काय मजा यायची! अगदी पुण्याच्या कट्ट्यावरचं बोलणं. आणि एक दिवस तो दिसेना. बघते तर बंगळूरुने त्याला खेळायलाच घेतलं. मे २०२३, डेव्हिड विलीच्या जागी. बोलता बोलता माणूस आत गेला."

आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे नवे आवाज फार गडबडीत वाटतात, पण ते मराठीत आहेत आणि एवढं पुरे.

खरी ठिणगी यानंतर पडली. सांगलीवरून.

विश्वविजेत्या संघातल्या स्मृती मानधनाचं लग्न २३ नोव्हेंबरला सांगलीत होतं. वडिलांची प्रकृती बिघडली, लग्न पुढे ढकललं. आणि पुढचे दोन आठवडे वृत्तवाहिन्यांनी जे केलं ते सगळ्यांनी बघितलंय. ७ डिसेंबरला स्मृतीने स्वतःच लिहिलं की लग्न रद्द झालंय, दोन्ही कुटुंबांचा खासगीपणा जपा, आणि मला देशासाठी खेळत राहायचंय.

"आत्या, त्या २३ तारखेला आणखी काय झालं, सांग," निनाद म्हणाला.

"मला काय माहीत?"

"कोलंबोला आपल्या अंध मुलींनी पहिला टी-२० विश्वचषक जिंकला. नेपाळला हरवून, सात विकेट राखून. आणि २४ तारखेला ढाक्यात महिला कबड्डीचा विश्वचषक. चायनीज तैपेईला ३५-२८. कर्णधार ऋतू नेगी, आणि प्रशिक्षक कोण? तेजस्विनी बाई. २०१६ ला तुझ्या टीव्हीवर एकदाच दिसलेली. दोन दिवसांत दोन विश्वचषक, आणि बातम्यांत काय चाललं होतं? सांगलीतलं एक फाटक. फाटकातून गाडी आत गेली, गाडी बाहेर आली."

"मी बघत होते ते फाटक," मंगल शांतपणे म्हणाली. "काळजी वाटत होती म्हणून बघत होते. स्मृती मला घरातली वाटते. घरात काही बिनसलं की माणूस दारातच घुटमळतं."

"ती घरातली वाटते ती कोणामुळे?"

"टीव्हीमुळेच. मी नाही कुठे म्हणते?"

"मग घरातल्या माणसाच्या आजारपणात आपण कॅमेरा घेऊन दारात उभे राहतो का?"

मंगलने उत्तर दिलं नाही, चहाचे कप गोळा केले. इथे मी पूर्णपणे निनादचा. मालिकेतल्या नायिकेचं लग्न मोडलं की तिला पगार मिळतो. स्मृतीने तो करार केला नव्हता. आणि ज्या प्रेक्षकाला आठ वाजता कबड्डी आवडते हे दहा वर्षांपूर्वी सिद्ध झालंय, त्याला ढाक्याची बातमी नको असेल हे वृत्तवाहिन्यांनी कशावरून ठरवलं? मंगलला ती सांगितली असती तर तिने फाटक सोडून ती बघितली असती. याची मला खात्री आहे, कारण २८ डिसेंबरला स्मृतीने तिरुवनंतपुरमला श्रीलंकेविरुद्ध ८० धावा केल्या आणि दहा हजार आंतरराष्ट्रीय धावा पुऱ्या केल्या, तेव्हा मंगलने जेवण गॅसवर तसंच ठेवून तो डाव बघितला. आमटी करपली. कोणी काही बोललं नाही.

स्वयंपाकघरातून ती परत आली ती तयारीनिशी. "मला एक सांग. ढाक्याची मॅच तुला कशी कळली? तू ढाक्याला गेला होतास?"

"फोनवर."

"म्हणजे पडद्यावरच ना?"

"हो, पण मी शोधून बघितली."

"शोधून बघायला तू पंच आहेस. मी कुठे शोधू? मला दाखवलं पाहिजे. तुझं भांडण टीव्हीशी नाहीये निनाद. टीव्हीने आणखी दाखवावं, एवढंच तुझं म्हणणं आहे. मग तसं म्हण की सरळ. मैदान, माती, दम, कशाला लावतोस मध्ये?"

"कारण मैदान आहे म्हणून! पुढच्या रविवारी डोंबिवलीत मुलींची स्पर्धा आहे, कबड्डीची. सोळा संघ. एकही कॅमेरा नाही. तू येणार का? कोणी दाखवत नाही म्हणून ती होणार नाही असं तर नाही ना?"

मंगलने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. रविवारी सकाळी डोंबिवलीला जाणं हे या वयात हलकं काम नाही.

"किती वाजता?"

"नऊला सुरू. फायनल पाचपर्यंत."

"बसायला खुर्ची?"

"मी देतो ना व्यवस्था करून. पहिल्या रांगेत, निदान रेषेच्या समोर."

"ऊन?"

"मांडव आहे."

"बरं, येते. पण आधीच सांगून ठेवते, कोणी मुलीला उगाच बाद दिलं तर मी गप्प बसणार नाही. सरळ आत येऊन पंचाला विचारीन. तिथे तुमचा रिव्ह्यू नसेल तर नसू दे, मी आहे."

"आत्या, त्या स्पर्धेला पंच मीच आहे."

"मग तर आधीच येते," मंगल म्हणाली. "साडेआठला."